पान्हा कोण सोडतं?

१९४१ साली अमेरिकेत एली आणि पीटरसन या दोन दुग्धशास्त्रज्ञांनी धारेच्या वेळी गायीच्या पाठीवर मांजर ठेवलं आणि जवळच कागदी पिशव्या फोडल्या. कासेत दूध होतं, पण घाबरलेल्या गायीनं पान्हा सोडला नाही. न घाबरवता नुसतं अ‍ॅड्रेनॅलिन टोचलं तरी तेच झालं. मग त्यांनी कासेच्या एका बाजूच्या नसा तोडून पाहिल्या; तरीही गाय पान्हवली ती दोन्ही बाजूंना सारखीच. म्हणजे मेंदूचा निरोप कासेपर्यंत नसांवाटे येत नव्हता, रक्तातून येत होता. पुढच्याच वर्षी पीटरसन यांनी गायीपासून कापून वेगळ्या केलेल्या कासेतून रक्त खेळवलं. नुकत्याच पान्हवलेल्या गायीचं रक्त सोडल्यावर त्या तोडलेल्या कासेतूनही दूध बाहेर आलं.

गोठ्यात वाढलेल्या कुणालाही यातली अर्धी गोष्ट ठाऊक असते. गाय पान्हा चोरते. नवखा माणूस धारेला बसला तर चोरते, कुत्रं अंगावर आलं तर चोरते, वासरू समोर नसलं तर बहुधा चोरतेच. म्हणून आधी वासरू लावायचं, दोन-चार घोट त्याला पिऊ द्यायचे आणि मग ओढून बाजूला बांधायचं. वासरू दगावलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गायीपुढे ठेवायची रीतही जुनी आहे. गाय ते चाटते आणि पान्हवते. वसुबारसेला पूजा होते ती एकट्या गायीची नसते, वासरासकट गायीची असते, आणि त्या दिवशी अनेक घरांतल्या बायका गायीचं दूधदुभतं खात नाहीत. दूध मुळात कुणासाठी आहे याविषयी त्या व्रताचं मत पुरेसं स्पष्ट आहे.

पण ते दूध खाली उतरवतं कोण? गायीची माया, वासराची ओढ, की दूध आपलं आपणच? भारतीय दर्शनांनी हा प्रश्न गंभीरपणे विचारला आहे. त्याच्या उत्तरावर जगाला ईश्वर लागतो की नाही, हा फार मोठा प्रश्न टांगलेला होता.

अडचण सांख्यांची होती. त्यांच्या मते जग प्रकृतीतून उलगडत जातं, आणि प्रकृती जड आहे. जाणीव आहे ती पुरुषाला. पण पुरुष काही करत नाही, तो केवळ साक्षी. तरीही प्रकृतीचा सगळा खटाटोप पुरुषाच्या भोगासाठी आणि अखेर त्याच्या मोक्षासाठी चालतो, असं सांख्य म्हणतात. ज्याला काही कळतच नाही ते दुसऱ्यासाठी राबेल कसं? ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेचं परमार्थानं सहाव्या शतकात चिनी भाषांतर केलं, म्हणजे ग्रंथ त्याआधीचा. त्यातल्या ५७ व्या कारिकेत या शंकेला उत्तर आहे. दुधाला काही कळत नाही, तरी वासराच्या वाढीसाठी ते स्रवतं; प्रकृतीचंही तसंच. हेतू आहे, पण तो जाणणारं कुणी नाही. ईश्वरावाचून काम भागतं.

शंकराचार्यांना हे मुळीच पटलं नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातला दुसरा पाद इतर दर्शनांचा समाचार घेण्यासाठीच आहे. तिथल्या तिसऱ्या सूत्रावर भाष्य करताना त्यांनी नेमकं हे दूधच पकडलं. दूध आपोआप वाहतं हे आधी सिद्ध करा, असा त्यांचा रोख आहे. गाय चेतन आहे. वासरावरच्या स्नेहामुळे, तिच्या इच्छेनं दूध वाहतं. शिवाय वासरू चोखतं म्हणूनही ते ओढलं जातं. म्हणजे सांख्यांच्या स्वतःच्या दाखल्यात चेतन आहे, आणि एक सोडून दोन आहेत. दोन सूत्रं पुढे गेल्यावर आणखी एक टोला आहे. गवताचं दूध होतं तेही आपसूक नव्हे. गायीनं खाल्लेल्या गवताचं होतं, बैलानं खाल्लेल्या गवताचं होत नाही. हा बैल वाचकानं लक्षात ठेवावा, पुढे तो कामाला येणार आहे.

दोन्ही पक्षांना दुधात फारसा रस नव्हता हे उघड आहे. ईश्वरकृष्णाला प्रकृती वाचवायची होती, आचार्यांना चेतन कारण. तरी ज्यानं गोठ्यातला दाखला दिला त्यानं गोठ्यातला पुरावाही ऐकावा, एवढं मागायला हरकत नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत तो पुरावा बराच साचला आहे.

१९०६ मध्ये हेन्री डेल यांना दिसलं की पियूषिका ग्रंथीच्या मागच्या भागाचा अर्क गर्भाशयाला आकुंचन आणतो. १९१० मध्ये ऑट आणि स्कॉट यांनी तोच अर्क दुभत्या शेळीला टोचला, आणि दूध उतरलं. त्यातला नेमका पदार्थ ऑक्सिटोसिन. अवघ्या नऊ अमिनो आम्लांचा हा रेणू विन्सेंट दु विन्यो यांनी १९५३ मध्ये प्रयोगशाळेत घडवला आणि दोन वर्षांनी त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. वाट आता तपशिलात माहीत आहे. वासरू सड चोखतं, नसांवाटे खबर मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला पोहोचते. तिथल्या चेतापेशींची टोकं पियूषिकेत उतरलेली असतात. ती ऑक्सिटोसिन रक्तात सोडतात. मिनिट-दीड मिनिटात कास दाटते, सड ताठ होतात. कासेतलं बहुतेक दूध बारीक पुटिकांमध्ये अडकलेलं असतं आणि या निरोपाशिवाय, सड कितीही पिळले तरी, ते खाली येत नाही. आचार्यांचं दुसरं कारण, वासराचं चोखणं, शरीरशास्त्रानं असं जवळजवळ जसंच्या तसं मान्य केलं.

पहिलं कारण, म्हणजे माया, तेही सहज टाकून देता येत नाही. मांजर आणि कागदी पिशव्यांनी दाखवलं की गायीला काय वाटतं यावर पान्हा अवलंबून असतो. माणसांतही तसंच आहे. बाळंतिणींच्या रक्तातलं ऑक्सिटोसिन मोजणारा एक अभ्यास १९८३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. पुष्कळ बायकांत ते बाळ छातीला लागण्याआधीच, नुसत्या त्याच्या रडण्यानं वाढलेलं होतं. कुणाच्याही आजीला यासाठी रक्त तपासावं लागलं नसतं. पण आजीला न दिसणारी गोष्ट याच्या पुढे आहे, आणि तत्त्वज्ञानाचा खरा पेच तिथेच आहे. रक्तातून आलेल्या या नऊ आम्लांच्या रेणूचं कासेतली पेशी करते तरी काय?

पुटिकांना वेढून फांद्या फुटलेल्या काही पेशी असतात. त्या आकसल्या की पुटिका दाबली जाते आणि दूध नलिकांत उतरतं. ऑक्सिटोसिनचं काम या पेशींना आकसायला लावणं. त्यासाठी ते पेशीच्या आत शिरत नाही. पेशीच्या पटलात रुतलेलं एक प्रथिन त्याला बाहेरच झेलतं. हा ऑक्सिटोसिनचा रिसेप्टर. १९९२ मध्ये जपानी संशोधकांनी त्याचं जनुक वेगळं केलं तेव्हा त्याची रचना कळली. ३८९ अमिनो आम्लांची साखळी, पटलातून सात वेळा आरपार गेलेली, बाहेरच्या तोंडाशी एक खळगा. ऑक्सिटोसिन त्या खळग्यात बसतं. नीट बसायला मॅग्नेशियम हवं, आणि आजूबाजूच्या पटलात कोलेस्टेरॉलही पुरेसं हवं. ते बसलं की साखळीची आतली बाजू उघडते आणि तिथे जी प्रथिन येऊन टेकतं. जी प्रथिनाच्या पोटात जीडीपी नावाचा रेणू असतो (अर्थमंत्र्यांचा तो वेगळा). तो निसटतो, त्याच्या जागी जीटीपी येतो आणि जी प्रथिनाचे दोन भाग अलग होतात. एक भाग पटलालगतच्या फॉस्फोलायपेज सी या विकराला गाठतो. विकर पटलातल्या एका मेदरेणूचे तुकडे करतं. त्यातला एक पेशीरसात उतरून कॅल्शियमचा साठा मोकळा करतो. कॅल्शियम वाढलं की पेशी आकसते. एवढ्या साखळीसाठी ऑक्सिटोसिनला पेशीच्या आत पाऊल टाकावं लागलेलं नसतं. आत गेला तो फक्त आकारातला बदल.

पेशीवर असं काही ग्रहण करणारं असतं, ही कल्पना केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी १९०५ मध्ये मांडली. स्नायूची नस तोडून ती मरू दिली तरी निकोटिननं स्नायू आकसत होता, आणि क्युरारे दिलं की ते थांबत होतं. दोन्ही विषांचं भांडण नसेशी नव्हे, स्नायूतल्याच कशाशी तरी होतं. ते ‘काहीतरी’ कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून पुढची कित्येक दशकं त्याच्याकडे अनुमान म्हणूनच पाहिलं गेलं. रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्या प्रयोगशाळेनं १९८६ मध्ये अ‍ॅड्रेनॅलिनच्या एका रिसेप्टरचं जनुक मिळवलं. तोही पटलातून सात वेळा जाणारा, ऑक्सिटोसिनच्या रिसेप्टरच्या गोतावळ्यातलाच. २०११ मध्ये त्यांचे पूर्वीचे सहकारी ब्रायन कोबिल्का यांनी हाच रिसेप्टर जी प्रथिनाला प्रत्यक्ष चिकटलेल्या अवस्थेत स्फटिकात पकडला. ही जोडी इतकी अस्थिर की ती टिकवायला लामा या प्राण्याच्या प्रतिपिंडाचा एक तुकडा टेकू म्हणून लावावा लागला. सात दांड्यांपैकी सहावा दांडा आतल्या टोकाला १४ अँगस्ट्रॉम बाहेर सरकलेला दिसला. हे अंतर मिलिमीटरच्या साधारण सात लाखाव्या भागाएवढं. पुढच्याच वर्षी दोघांना नोबेल मिळालं.

एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये विकरांसाठी कुलूप-किल्लीची उपमा वापरली आणि पाठ्यपुस्तकांनी ती पुढे रिसेप्टरलाही चिकटवली. उपमा सोयीची आहे, पण या वादात ती दिशाभूल करते. किल्ली म्हटली की ती फिरवणारा हात आला, आणि हात आला की शंकराचार्य जिंकले. वस्तुस्थिती वेगळी आहे. असे रिसेप्टर स्थिर नसतात, सतत आकार बदलत असतात. त्यांतले काही तर संप्रेरक नसतानाही मधूनच ‘चालू’ आकारात जाऊन येतात. संप्रेरक बसलं की त्या आकारात राहण्याची शक्यता वाढते. हुकूम देणारा कुणी नाही आणि पाळणाराही नाही. अ‍ॅटोसिबन नावाचं औषध ऑक्सिटोसिनच्याच खळग्यात बसतं, पण ते बसल्यावर गर्भाशय आकसत नाही. अकाली सुरू झालेल्या कळा थांबवायला युरोपात ते वापरतात. खळगा तोच, बसणंही तसंच, पुढे घडतं ते उलटं.

इथपर्यंत पाहिलं तर कासेच्या पातळीवर बाजी सांख्यांची आहे. आचार्यांचा प्रतिवाद तपासायचा तर माया आणि दूध यांची फारकत करून पाहायला हवी. तशी फारकत दोन्ही बाजूंनी झालेली आहे.

१९९६ मध्ये ऑक्सिटोसिनचं जनुकच काढून टाकलेल्या उंदरांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या माद्या नीट व्यायल्या. त्यांनी पिल्लं गोळा केली, त्यांच्यावर बसल्या, त्यांना पिऊ घातलं. वागण्यात काही कमी नव्हतं आणि स्तनांत दूधही तयार होतं. तरी पिल्लं दिवसभरात मेली, कारण दूध उतरलंच नाही. आईला ऑक्सिटोसिन टोचल्यावर मात्र पिल्लांच्या पोटात दूध दिसू लागलं. माया होती, चोखणं होतं, दूधही होतं. नव्हता तो एक रेणू.

उलट बाजूचा प्रयोग भारतात हजारो गोठ्यांत चोरून चालत आला आहे. वासरू मेलं किंवा मरू दिलं, तर गायी-म्हशींना धारेआधी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन द्यायचं. वासरू नाही, चाटणं नाही, दूध येतं. प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्यात ‘फुंका’ नावाच्या, दूध काढण्याच्या अघोरी प्रकाराच्याच कलमात दुधासाठी जनावराला अपायकारक इंजेक्शन देणंही गुन्हा ठरवलेलं आहे. हा गैरवापर थांबवायचा म्हणून केंद्र सरकारनं २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना ऑक्सिटोसिन बनवायला बंदी केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं, आणि ते तुटलं तर बायका मरतील ही भीती खरी होती. एकच कुपी म्हशीच्या मानेत आणि प्रसूतिगृहात, आणि दोन्हीकडे तिचं काम वेगळं.

हे ‘वेगळं काम’ जरा थांबून पाहण्यासारखं आहे. पूर्ण दिवस भरलेल्या बाईला ड्रिप लावून कळा आणतात तेव्हा त्या बाटलीत ऑक्सिटोसिन असतं. तीच ड्रिप तिसऱ्या महिन्यात लावली तर तसं काही होत नाही, कारण गर्भाशयाच्या स्नायूंवर रिसेप्टर तेव्हा फार थोडे असतात. दिवस भरत येतात तसे ते कितीतरी पटींनी वाढतात. उलट ड्रिप खूप तास चालू ठेवली तर पेशी रिसेप्टर आत ओढून घेते आणि औषधाचा असर उतरतो. सांगणारा तोच असतो. ऐकणारा कधी असतो, कधी नसतो, कधी ऐकेनासा होतो.

त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की या रेणूचा दुधाशी मूळचा काही संबंधच नाही. ऑक्सिटोसिनच्या नऊ आम्लांपैकी दोन बदलली की व्हॅसोप्रेसिन होतं, आणि ते मूत्रपिंडाला पाणी राखायला लावतं. गांडुळात याच कुळातला एक रेणू आहे. त्याच्यामुळे गांडूळ अंडी घालण्याच्या हालचाली करतं. ऑक्टोपसात आहे, सूत्रकृमींतही आहे. म्हणजे हा निरोप दुधाच्या कितीतरी आधीचा. सस्तन प्राणी आले, स्तन आले, आणि स्तनातल्या पेशींनी रक्तात आधीपासून फिरणाऱ्या जुन्या रेणूसाठी नवं काम लावून घेतलं. आता तो बैल आठवावा. त्याच्या पियूषिकेतही ऑक्सिटोसिन असतं आणि त्याच्या रक्तातही येतं. दूध येत नाही. तसं पाहिलं तर आचार्यांनी आपला युक्तिवाद ज्या दाखल्यावर बसवला तो चेतनेचा दाखला नव्हताच. गायीइतकाच बैलही चेतन आहे. तो दाखला होता घेणाऱ्याच्या घडणीचा, आणि घडणीबद्दल ते शंभर टक्के बरोबर होते.

शब्द आणि अर्थ यांच्या नात्याविषयी मीमांसक आणि नैयायिक यांच्यात असाच जुना झगडा आहे. मीमांसकांच्या मते हे नातं स्वाभाविक, कुणी न जोडलेलं. नैयायिकांच्या मते ते संकेतानं ठरलेलं, आणि प्राचीन नैयायिकांच्या मते तो संकेत ईश्वराचा. मूल भाषा कशी शिकतं हे सांगताना प्राभाकर मीमांसक जो प्रसंग घेतात त्यातही गायच आहे. थोरला म्हणतो, गाय आण. धाकटा गाय आणतो. मूल ते पाहतं आणि शब्दाचा अर्थ त्या कृतीवरून उमगून घेतं. रिसेप्टरकडे पाहिलं तर दोघेही अर्धे बरोबर निघतात. ऑक्सिटोसिन खळग्यात बसतं ते निव्वळ आकार आणि विद्युतभार जुळतात म्हणून. तिथे संकेताचा प्रश्न नाही. पण बसल्यामुळे दूध उतरावं, कळा याव्यात की गांडुळानं अंडी घालावीत, हे त्या जुळण्यातून निघत नाही. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ जाक मोनो यांनी १९७० च्या पुस्तकात प्रथिनांच्या नियंत्रणाबद्दल हाच मुद्दा मांडला होता. नियंत्रण करणारा रेणू आणि त्यानं घडणारी क्रिया यांत रासायनिक अनिवार्यता काहीच नसते, आणि म्हणूनच उत्क्रांतीला खेळायला मोकळीक मिळते. संकेत आहे, तो ठरवणारा मात्र सापडत नाही. नैयायिकांना हे पचायला जड जाईल.

मग मायेचं काय? माया इथे निव्वळ बघ्याची भूमिका करते असं म्हणणंही घाईचं ठरेल. हायपोथॅलॅमसमधून ऑक्सिटोसिन रक्तात सुटतं, तसं ते मेंदूच्या आतही सुटतं. १९८७ मध्ये केंड्रिक, केव्हर्न आणि बाल्डविन यांनी गाभण नसलेल्या मेंढ्यांच्या मेंदूतल्या द्रवात ऑक्सिटोसिन सोडलं, तर त्या थोड्याच वेळात परक्या कोकराला चाटू-हुंगू लागल्या. रक्तातलं ऑक्सिटोसिन मेंदूत सहजी शिरत नाही, त्यामुळे म्हशीच्या मानेत टोचलेलं इंजेक्शन कासेपर्यंत पोहोचतं आणि मनापर्यंत नाही. धडधाकट गायीत माया आणि पान्हा एकत्र दिसतात ते एकामुळे दुसरं येतं म्हणून नव्हे. दोघांच्या वाटा मेंदूत एकाच ठिकाणाहून जातात म्हणून.

एवढं कळल्यावर वर्तमानपत्रांनी ऑक्सिटोसिनला प्रेमाचं संप्रेरक म्हणून टाकलं. हा उतावीळपणा महागात पडला. अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशातले प्रेअरी व्होल नावाचे उंदरासारखे प्राणी जोडी बांधून राहतात. त्यांच्या मेंदूत ऑक्सिटोसिनचे रिसेप्टर जिथे असतात तिथे ते डोंगराळ भागातल्या, जोडी न बांधणाऱ्या भाऊबंदांत नसतात, हे १९९२ मध्ये दिसलं होतं आणि त्यावर बरीच इमारत उभी राहिली होती. २०२३ मध्ये रिसेप्टरचं जनुकच मोडलेले प्रेअरी व्होल तयार झाले, आणि त्यांनीही जोडी बांधली. १९९६ चे ते उंदीरही ऑक्सिटोसिनवाचून पिल्लांना जवळ घेतच होते. दुधाला एकच वाट आहे, मायेला मात्र अनेक दिसतात. भावनेचा पत्ता एका रेणूच्या नावावर लिहिणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

निवाडा करायचाच तर तो असा होईल. दुधाला कळत नाही, रिसेप्टरला कळत नाही, जी प्रथिनाला कळत नाही, तरी सगळं वासरासाठी चालतं. ईश्वरकृष्णाचं हे म्हणणं डोळ्यांनी दिसतं. पण ते ‘वासरासाठी’ कुठून आलं याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. ते डार्विन यांच्याकडून १८५९ मध्ये मिळालं. ज्या आयांचं दूध उतरलं नाही त्यांची पिल्लं त्या प्रयोगातल्यासारखीच दिवसभरात मेली, आणि उतरलं त्यांचीच वंशावळ पुढे चालली. जाणत्यावाचून हेतू दिसायला असा मृत्यूंचा प्रचंड इतिहास मागे लागतो. सृष्टीच्या आरंभी पुरुषासाठी हालचाल सुरू करणाऱ्या प्रकृतीच्या मागे असा कुठला इतिहास? तिच्या आधी कोण मेलं होतं? दाखला खरा ठरला, आणि नेमका त्यामुळेच सांख्यांच्या कामाचा उरला नाही.

आचार्यांचीही गत बरी नाही, आणि त्याचं कारण प्रयोगशाळेत नसून दोन्ही दर्शनांच्या आतच आहे. सांख्यांच्या हिशेबात बुद्धी, अहंकार, मन हे सगळं प्रकृतीचंच. गायीचा स्नेह हाही त्या जड यंत्रणेतलाच एक व्यापार, चेतन आहे तो केवळ पाहणारा पुरुष. म्हणून ‘गायीला स्नेह आहे’ असं म्हटल्यानं सांख्य हरत नाही. तो म्हणेल, स्नेहही माझ्याच बाजूला मोजा. आणि आचार्यांच्या पक्षाचे अद्वैतीही अंतःकरण जडच मानतात. मग मेंढीच्या मेंदूत एक रेणू सोडला आणि ती परक्या कोकराला चाटू लागली, याचं दोघांपैकी कुणालाच आश्चर्य वाटायला नको. आचार्यांना हवा होता तो चेतन अधिष्ठाता स्नेहाच्या मागे आहे, स्नेहात नाही, आणि तिथपर्यंत गोठ्यातला कुठलाच पुरावा जात नाही. त्यांना हे जाणवलं असावं असं मानायला जागा आहे. आधीच्या पादातल्या एका सूत्रात दुधाचं दही बाहेरच्या साधनावाचून होतं हा दाखला ब्रह्माच्या बाजूनं दिलेला आहे, आणि इथे त्याच दुधाला चालवणारा लागतो असं म्हटलं आहे. हा विरोध त्यांनी लपवला नाही. ते सूत्र लोकदृष्टीनं आहे, हे शास्त्रदृष्टीनं, असं म्हणून त्यांनी भाष्याचा तो भाग संपवला. मांजर, कागदी पिशव्या, सात दांड्यांचा रिसेप्टर आणि चोरून दिलेलं इंजेक्शन हे सगळं त्यांच्या त्या विभागणीत पहिल्या खात्यात जमा होतं.